भोईटेंचं पुढचं सर्टिफिकेट

"मग सर, नेमकं कुठलं करू?"

प्रणिल भोईटेंनी हे पुन्हा विचारलं. मुजावर सर शेंगा सोलत होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, एक भोईटेंच्या हातावर ठेवला, आणि पुढची शेंग उचलली.



मी दोघांच्या मध्ये बसले होते. ओळख करून देणाऱ्या माणसाची जागा तीच असते. दोन्हीकडून अपेक्षा, आणि चहा सगळ्यात शेवटी.

यासीन मुजावर म्हणजे माझे पहिले साहेब. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात माहितीची सुरक्षा बघायचे. "मी सिक्युरिटीत आहे" म्हटलं की लोक "कुठल्या गेटवर?" असं विचारायचे, त्या काळापासून. रिटायर झाल्यावर ते मिरजेला आपल्या घरी येऊन राहिले. आमच्या धंद्यातलं कुणी अडलं की अजून त्यांच्याकडे जातं. ते सल्ला देत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. तरी लोक जातात.

प्रणिल भोईटे म्हणजे माझे आताचे साहेब. माझ्यापेक्षा बरेच लहान. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात, आणि दोघंही ते फारसं मनावर घेत नाही.

माणूस हुशार आहे. नावापुढे सर्टिफिकेटांची इतकी अक्षरं आहेत की त्यांच्या ईमेलमध्ये मजकुरापेक्षा सही लांब असते. आजवर एकाही परीक्षेत नापास नाही. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं, आणि सरांच्या फाटकातून आत शिरताना परत सांगितलं, मी विसरले असेन म्हणून.

माझ्याकडे सर्टिफिकेट एकच. तेही दुसऱ्या खेपेला मिळालेलं. पहिल्या खेपेला नापास झाले तेव्हा मुजावर सरांनी अख्ख्या विभागाला पेढे वाटले होते. का वाटले ते मी विचारलं नाही. पेढे मात्र खाल्ले.

तर भोईटेंचा प्रश्न असा होता. आमची कंपनी दर वर्षी माणशी एकाच परीक्षेचा खर्च उचलते. कुठली परीक्षा, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. वर एक मोठी खुर्ची रिकामी होणार होती. तिच्यावर डोळा असलेल्या दुसऱ्या माणसाकडे भोईटेंपेक्षा एक सर्टिफिकेट जास्त होतं.

समोर तीन रस्ते होते. एक क्लाउडचं, म्हणजे आपली माहिती दुसऱ्याच्या मशीनवर ठेवून निर्धास्त कसं झोपायचं त्याचं. एक ऑडिटचं, म्हणजे दुसऱ्याच्या चुका टेबलाच्या सुरक्षित बाजूला बसून कशा शोधायच्या त्याचं. आणि एक पेनटेस्टिंगचं, म्हणजे परवानगी घेऊन दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये घुसायचं त्याचं.

हे वर्णन माझं. भोईटेंनी सांगितलं ते पुष्कळ भारदस्त होतं, आणि त्याला स्लाइडही होत्या. लॅपटॉप सरांच्या पलंगावर उघडा ठेवला होता. नाव नोंदवायचं पान समोरच होतं. फक्त एक चौकोन निवडायचा होता.

सरांनी स्लाइड शेवटपर्यंत बघितल्या. मग म्हणाले, नावं चांगली आहेत.

भोईटेंनी विचारलं, सर, तुम्ही स्वतः कुठलं केलंय?

"होतं एक. मुदत संपली त्याची."

आमच्या धंद्यात सर्टिफिकेटला मुदत असते. ते जिवंत ठेवायला दर वर्षी थोडं शिकून गुण जमवावे लागतात. मी व्याख्यान लावून ठेवते आणि कणीक मळते. व्याख्यान संपतं, गुण जमा होतात, पोळ्याही होतात.

"मग वाढवून नाही घेतलीत मुदत?"

"माझीच संपत आली की," सर म्हणाले.

भोईटेंना हसावं की नाही ते कळेना. मी हसले. मला सवय आहे.

मग सरांनी सहज विचारावं तसं विचारलं, की आज इकडं कसं येणं केलं. फक्त एवढ्यासाठी पुण्याहून कुणी मिरजेला येत नाही.

भोईटे खुलले. सांगायला लागले. आमची कंपनी हॉस्पिटलांचे रिपोर्ट, एक्स-रे, पेशंटांच्या औषधांच्या नोंदी असं सगळं सांभाळते. कोल्हापूरचं एक मोठं हॉस्पिटल आम्हाला मिळत होतं. सकाळी तिथंच बैठक झाली. सोमवारी त्यांचं सगळं आमच्याकडे येणार, आणि त्याच दिवशी त्यांची जुनी मशीन कायमची बंद होणार. दोन वर्षं मागे लागून मिळवलेलं काम.

"काय विचारलं त्यांनी?"

फारसं काही नाही, भोईटे म्हणाले. हॉस्पिटल डॉक्टर शिरगुप्पे म्हणून एक बाई चालवतात. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. त्यांनी एकच विचारलं, की समजा तुमच्याकडचं सगळं उडालं, तर आमच्या पेशंटांचं परत आणता येईल का?

"मग?"

"हो म्हटलं."

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"येईल?"

"सर, बॅकअप आहे ना. सगळ्याची एक प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी जाते. रोज सकाळी स्क्रीनवर हिरवी खूण येते. मी जॉइन झाल्यापासून एक दिवस चुकलेला नाही."

"चांगलंय. आणि त्या प्रतीतनं परत आणून बघितलंय कधी?"

...

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होईना.

भोईटे म्हणाले की तशी व्यवस्था आहे. ती कशी करायची ते सगळं लिहून ठेवलेलं आहे. ज्यांच्याकडून बॅकअप घेतो ती कंपनीही नावाजलेली आहे. आणि मुख्य म्हणजे, देवाच्या दयेनं, तशी वेळच आलेली नाही.

हे आम्ही सगळेच म्हणतो. मी तर फार छान म्हणते.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "हेमांगी, तू कुठं होतीस?"

"यांच्या शेजारीच."

"मग?"

"चहा चांगला होता, सर."

सरांनी मान डोलावली. त्या बैठकीतल्याइतकं निरखून मी कपातल्या सायीकडे कधीच बघितलं नव्हतं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी मला घडवलंय.

भोईटेंनी लॅपटॉप थोडा सरांच्या बाजूला वळवला. ते राहू दे सर, म्हणाले, सोमवारचं सोमवारी बघू. आत्ता हे सांगा. माझा कल पेनटेस्टिंगकडे आहे, पण त्या खुर्चीसाठी ऑडिट जास्त वजनदार दिसेल का?

सर उठले. अंगावरची शेंगांची टरफलं झटकली. आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "नसीम, आपा मशीनवर नाहीत ना?"

"नाहीत," आतून नसीमभाभींचा आवाज आला. "जेवतायत."

सर दाराजवळ गेले, आणि त्यांनी घराचं मेन स्विच खाली ओढलं.

पंखा मंदावला. फ्रिजची घरघर थांबली. कोपऱ्यातल्या वायफायचे दिवे विझले, आणि भोईटेंच्या समोरचं पान अर्धवट अडकलं.

"लाइट गेली का, सर?"

"नाही. बंद केली."

भोईटेंनी माझ्याकडे बघितलं. मला सांगावं लागलं.

आपा म्हणजे सरांच्या थोरल्या बहीण. त्यांची फुप्फुसं अधू झाली आहेत. रात्री झोपताना त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि ते विजेवर चालतं. मिरजेत वीज आपल्या मर्जीनं जाते. म्हणून सरांनी इन्व्हर्टर बसवून घेतला. आणि म्हणूनच दर शुक्रवारी दुपारी, नमाज पढून आले की, ते मेन बंद करून बघतात. बँकेतही त्यांचा शुक्रवार असाच असायचा. दोन मॅनेजर त्या दिवशी हमखास रजा टाकायचे.

आम्ही पंख्याकडे बघत बसलो.

पंखा एक-दोनदा आळसावल्यासारखा फिरला, आणि थांबला.

"चालला?" आतून भाभींनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं," भाभी म्हणाल्या.

भोईटेंनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी मी खांदे उडवले. सगळंच काय मी सांगायचं.

भाभी हात पुसत बाहेर आल्या. मला म्हणाल्या, तू वाळलीस गं. हे त्या मला दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढतो. मग सरांकडे वळल्या.

सर म्हणाले, गेल्या शुक्रवारी तर व्यवस्थित चालला होता.

"गेल्या शुक्रवारी आपण जयसिंगपूरला लग्नात होतो."

सरांनी बोटांवर शुक्रवार मोजले.

"बिर्याणीला नावं ठेवत होतात," भाभी म्हणाल्या. "त्याच्या आधीच्या शुक्रवारी चालला होता."

सरांनी मेन परत वर केलं. पंखा फिरायला लागला. भाभींनी बॅटरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, वॉरंटीत बसते, पण जुनी घेऊन या, आणि शटर पाडायच्या आत या. त्यांनी तेवढ्यात माझी गाडीही परस्पर कबूल करून टाकली. आतून आपांनी विचारलं, काय झालं रे यासीन. सरांनी त्यांना दखनीत काहीतरी सांगितलं. आपा "अच्छा" म्हणाल्या. ताटलीवर चमच्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

भोईटे मदतीला उठले. माणूस मनानं चांगला आहे. ते कोपऱ्यात गेले, इन्व्हर्टरसमोर वाकले, मागून-पुढून बघितला.

"पण सर," ते म्हणाले, "मी आत येतानाच बघितलं होतं. हिरवा दिवा होता. पूर्ण चार्ज दाखवत..."

...

ते तसेच वाकून राहिले.

 भाभी आत निघून गेल्या. सर पुन्हा शेंगांजवळ येऊन बसले. भोईटेंची पाठ मी इतका वेळ कधी बघितली नव्हती. एरवी त्यांचं तोंडच चालू असतं, पाठीकडे लक्ष जात नाही.

बऱ्याच वेळानं ते सरळ झाले. परत येऊन पलंगाच्या कडेवर बसले. लॅपटॉपवरचं पान पुन्हा उघडलं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग ते बोलायला लागले. सरांकडे बघून नाही, टरफलांच्या ढिगाकडे बघून. म्हणाले की आत्ता करून बघायचं म्हणजे शनिवार-रविवार जाईल, त्याचं काही नाही. पण त्यात काही अडकलं तर सोमवार हुकेल. सोमवार हुकला तर कोल्हापूर गेलं. कोल्हापूर गेलं तर खुर्ची गेली. आणि वरचे विचारतील, इतके दिवस सुरळीत चाललं होतं, आत्ताच उकरून काढायची कुणाला हौस आली? त्यापेक्षा सोमवार पार पडू दे. मग सवडीनं करून बघू.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"सोमवारी त्यांची जुनी मशीन बंद होणार, म्हणालात ना?"

"हो."

"मग सवडच सवड."

भोईटेंनी डोळे मिटले.

मला त्यांची दया आली, आणि थोडी माझीही. कारण सवडीनं करू, हे त्यांना मीच शिकवलं असणार. आमच्या विभागात ते वाक्य माझ्याइतकं जुनं आहे.

"सर..."

"बोला."

"करून बघितलं आणि नाहीच आलं तर?"

 सरांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आपांचं जेवण झालं होतं. त्या भाभींना सांगत होत्या, की आज भातात मीठ कमी होतं. भाभी म्हणत होत्या, डॉक्टरांनीच कमी सांगितलंय. आपा म्हणत होत्या, डॉक्टरला माझ्याकडे जेवायला पाठव.

भोईटेही ऐकत होते.

मग ते उठले, फोन घेतला, आणि बाहेर ओट्यावर गेले.

मला ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. सरांचा ओटा पलंगापासून फार लांब नाही, आणि मी थोडी सरकलेही.

"डॉक्टर, भोईटे बोलतोय," असं त्यांनी सुरू केलं. मग ओट्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले.  "सकाळी तुम्ही विचारलंत, परत आणता येईल का. मी हो म्हटलं... ते मला माहीत नाही. आम्ही कधी आणून बघितलेलं नाही."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. भोईटेंच्या चपलेचा अंगठा तेवढा वर-खाली होत होता.

"रविवारी संध्याकाळपर्यंत कळेल," ते म्हणाले. "नाही आलं, तर तेही मीच कळवीन."

मग ते फक्त ऐकत होते. मध्येच "हो" म्हणत होते. मध्येच "तुमचं बरोबर आहे" म्हणाले, जे मी त्यांच्या तोंडून ऑफिसात ऐकलेलं नाही.

आत आले तेव्हा कान लाल झाले होते. सांगितलं ते थोडक्यात असं. डॉक्टर शिरगुप्पे म्हणाल्या, तुमचा फोन येईपर्यंत आमची जुनी मशीन चालू राहतील. सोमवार धरून चालू नका. दरम्यान मी आणखी एका कंपनीशी बोलून ठेवते. आणि शेवटी म्हणाल्या, की सकाळीच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

"रागावल्या?" मी विचारलं.

"कळलं नाही," भोईटे म्हणाले. "आवाज नेहमीसारखाच होता. तेच वाईट."

मी त्यांना म्हटलं, शनिवारी मीही येते. डबा आणते. त्यांनी मान हलवली. डब्यासाठी की येण्यासाठी, ते मी विचारलं नाही.

सर तोवर कोपऱ्यात उकिडवे बसले होते. पाना घेऊन बॅटरीच्या तारा सोडवत होते. एक तार सुटली. दुसरी गंजली होती, तिला वेळ लागत होता. भाभींनी जुन्या पोत्याचा तुकडा आणून दिला, माझ्या गाडीची डिकी खराब होऊ नये म्हणून. डिकीत माझ्या तुटक्या चपला, उसवलेली छत्री आणि एक योगासनांची चटई होती, तिची घडी अजून मोडलेली नव्हती. खराब होण्यासारखं फारसं नव्हतं. तरी मी पोतं अंथरून आले.

परत आले तेव्हा भोईटे पलंगाजवळ उभे होते. लॅपटॉपच्या पानावर ते तीन चौकोन तसेच होते. खाली लिहिलेलं होतं, कृपया एक निवडा. उन्हं उतरायला लागली होती. पुण्याच्या ऑफिसात कुणीतरी त्यांच्या उत्तराची वाट बघत असणार.

ते थोडा वेळ घुटमळले. मग हळूच, सकाळपासून पहिल्यांदाच स्लाइडशिवाय, त्यांनी विचारलं,

"आणि सर... सर्टिफिकेट?"

दुसरी तार सुटली. सरांनी पाना बाजूला ठेवला. दोन्ही हात बॅटरीखाली घातले आणि वर बघितलं.

"तिकडनं धरा," ते म्हणाले. "जड आहे."